पाईपमधला बांगडा

कुणी विचारलं आणि मी ‘पाईपचं काम करतो’ म्हटलं, की समोरचा माणूस लगेच आपल्या न्हाणीघरातली गळती सांगायला लागतो. मी ऐकून घेतो. मग सांगतो की मी ओढायच्या पाईपचं काम करतो, तंबाखूच्या. त्यावर तो माणूस माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, जणू मी हत्तीच्या पायातले जोडे शिवतो. हल्ली पाईप ओढतंय कोण?

ओढतात. जुहूत ओढतात, अंधेरीत ओढतात, मुलुंडमध्ये गच्चीवर जाऊन ओढतात, घाटकोपरमध्ये आईला चोरून ओढतात. बोटीवरून निवृत्त झालेले ओढतात, जाहिरातवाले ओढतात, आणि आपण विचार करतो असं लोकांना वाटावं अशी ज्यांची इच्छा असते ते तर ओढतातच. या सगळ्यांचे पाईप चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात येतात. खाली सोफ्याचे पाय कातायचं यंत्र दिवसभर किंचाळतं, वरच्या माळ्यावर आम्ही. ज्या दिवसांची ही गोष्ट, तेव्हा आम्ही म्हणजे बोरिवलीचे पिंटोअंकल आणि मी.

मी सातवीत शाळा सोडली. गाव मालवणच्या पुढं, समुद्राला लागून. सावंतवाडीला लाकडी खेळणी कातायला शिकलो आणि तेवढ्या भांडवलावर मुंबईत आलो. अंकलनी माझा दाखला मागितला नाही, हात मागितले. उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, “बस त्या दाराजवळ.” त्या एका वाक्याचे उपकार मी अजून फेडतोय. पण मी घाबरट माणूस. नोकरी लागली त्या दिवसापासून ती जाणार या भीतीत मी अठरा वर्षं काढली.

माळ्यावर जागा दोनच. तेव्हा खिडकीजवळची अंकलची, दाराजवळची माझी. खिडकीजवळ उजेड येतो, पाईपच्या पोटातली काजळी दिसते, म्हणून मुख्य काम तिथं. दाराजवळ बसून नुसतं घासायचं आणि चमकवायचं. आमच्या धंद्यात बढती मिळाली तर ती एवढीच असते, दारापासून खिडकीपर्यंत आठ पावलं.

आता आमचं काम नेमकं काय ते सांगतो. पाईप एका झुडपाच्या मुळाच्या गाठीपासून बनतो. हे लाकूड आगीला दाद देत नाही, पण वास मात्र पितं. वाटीत, म्हणजे जिथं तंबाखू भरतात तिथं, आतून काजळीचा थर धरतो. त्या थरात आणि दांडीच्या भोकात प्रत्येक तंबाखूचा अर्क मुरतो. आज व्हॅनिला घातलेला गोड तंबाखू ओढला आणि उद्या साधा भरला, तर उद्याच्या तंबाखूला कालच्या आइस्क्रीमची चव. पाईपवाले याला भूत म्हणतात. अंकल म्हणायचे भाडेकरू. “खोली खाली केली बोलतो, पण एक खाट ठेवून जातो साला.”

तो भाडेकरू काढायचा म्हणजे आधी काजळी खरवडायची. सगळी नाही, नाण्याच्या जाडीएवढी ठेवायची, नाहीतर लाकूडच जळतं. दांडीत स्पिरिटमध्ये भिजवलेल्या केसाळ तारा घालून काढायच्या, पांढऱ्या बाहेर येईपर्यंत. मग, त्या वेळच्या रीतीनं, दांडीचं भोक कापसानं बंद करून वाटीत खडं मीठ भरायचं आणि वरून थेंब थेंब स्पिरिट सोडायचं. हे स्पिरिट पोटात गेलं तरी चालेल असं लागतं, रंगाच्या दुकानातलं नाही. त्यानं माणूस आंधळा होतो आणि आंधळा माणूस पुन्हा पाईप आणत नाही. एका दिवसात मीठ काळपट तपकिरी होतं, लाकडातला वास आपल्यात ओढून घेतं. ते झटकायचं आणि पाईप चार-पाच दिवस सुकू द्यायचा. एवढंच. यात जादू नाही, धीर आहे. आणि धीर सोडून बाकी सगळं आमच्या गिऱ्हाइकांकडे असतं.

अंधेरीचा एक मालिकेतला नट होता. उद्योगपतीची भूमिका करायचा, म्हणजे जिना उतरता उतरता पाईप हातात. पण माणूस निर्व्यसनी. मग धूर कुठून आणायचा? सेटवरच्या कुणीतरी वाटीत उदबत्तीचे तुकडे खोचले. शंभरेक भाग तो उद्योगपती चंदनाचा धूर सोडत कारखाने बुडवत होता. मालिका संपल्यावर त्यानं तो पाईप सासऱ्यांना भेट दिला. सासरे पाईप घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, “ओढला की मला आपोआप चपला काढाव्याशा वाटतात.”

घाटकोपरच्या एका शेठचं वय बावन्न, आईचं ऐंशी. आईला कळू नये म्हणून पाईप मुखवासाच्या डब्यात, बडीशेपेच्या खाली. सहा महिन्यांनी पाईप बडीशेपेचा आणि बडीशेप तंबाखूची. आईनं जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाली, “हा नवा मुखवास बरा आहे, डोकं हलकं होतं.” शेठ रडवेला होऊन आला होता. अंकलनी पाईप साफ केला आणि सांगितलं, “आईला सांगून टाक रे बाबा, नाहीतर तिला पण एक घेऊन दे.”

दिंडोशी कोर्टातले एक वकील. त्यांचा एकच पाईप, त्यातच सगळे तंबाखू, आणि गरम असतानाच दुसऱ्यांदा भरायचे. मी भीत भीत म्हटलं, “साहेब, एक पाईप गोडाला ठेवा, एक साध्याला. ओढून झाला की तार फिरवा, आणि दोन दिवस त्याला निजू द्या. मग वास बसतच नाही.” ते म्हणाले, “मी माझ्या अशिलाला विश्रांती देत नाही, पाईपला देऊ?” त्यांचा पाईप अजूनही वर्षातून चारदा येतो. असली माणसं आहेत म्हणून माझ्या घरी गॅस पेटतो, तेव्हा मी दुसऱ्यांदा सल्ला देत नाही.

तर आता देवस्थळी साहेब.

जुहूला राहणारे, जाहिरातीत आयुष्य गेलेलं, मोठ्या पाईपवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप चालवणारे. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या ग्रुपमधली. देवस्थळी साहेब तंबाखू ओढत नसत, त्याचं रसग्रहण करत. एक झुरका घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “सुरुवातीला वाळलेलं गवत, मग किंचित अंजीर, आणि शेवटी... लायब्ररी.” अंकल मागे वळून मला डोळा मारायचे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अंकलच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगी नाशिकला, म्हणून दोन आठवडे तिकडे जायचं होतं. जाताना म्हणाले, “दिगू, आता माझे डोळे गेले तर गेले. तू सांभाळ. परत येऊन बघतो, खिडकीत तुला बसवायचा का कुणी दुसरा बघायचा.” मग दारातून परत आले. “आणि ऐक ना. साफ झालेला पाईप आपल्या नाकानं पास करू नको. आपलं नाक आपल्याला सवलत देतं. दुसऱ्याचं नाक घे.”

ते गेले आणि दुसऱ्या दिवशी देवस्थळी साहेब हजर. हातात त्यांचा सर्वांत लाडका पाईप. पुतण्यानं त्यांच्या मागे त्यात चेरीचा गोड तंबाखू ओढला होता. “दिगंबर, माझ्या पाईपात लहान मुलांचं खोकल्याचं औषध शिरलंय. आठ दिवसांनी घरी सगळा ग्रुप येतोय. मला हा कोरा हवा. नवजात.”

मी लगेच कामाला लागलो. काजळी काढली, तारा घातल्या. मीठ भरायला डबा उघडला तर रिकामा. खाली वाण्याकडे गेलो तर खडं मीठ संपलेलं, सगळी पाकिटं बारीक मिठाची. बारीक मीठ दांडीत शिरतं, ते चालत नाही. मग आठवली भारतीमावशी.

मी राहतो ती खोली भारतीमावशीची. जात कोळ्याची, चारकोपच्या बाजारात सुक्या मासळीची टोपली घेऊन बसते. आईखालोखाल मला धाक कुणाचा असेल तर तिचा. तिच्या घरात मिठाला तोटा नाही. तिनं डबाभर मीठ दिलं. शुभ्र, टपोरं, खडखडीत. म्हणाली, “बांगड्याचा उरलेला हाय, पन धुवून, उन्हात सुकवून, चाळलेला हाय. नव्यापेक्षा साफ.”

इथं कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात घंटा वाजली असती. माझ्या वाजली नाही. आमच्या घरी आई तेच करायची. अंगणात बांगडे खारवायचे, उरलेलं मीठ धुऊन, सुकवून, चाळून डब्यात. त्यात वावगं काय? तरी मी घाबरट, म्हणून डबा नाकाशी नेला. काही नाही. हवा.

चोवीस तास मीठ ठेवलं. ते छान तपकिरी झालं. झटकलं, पाईप पाच दिवस खिडकीत ठेवला. खिडकीत, हो. अंकल नव्हते ना. नंतर हुंगला. चेरी गेलेली, काजळी गेलेली, काही म्हणजे काही नाही. इतका कोरा पाईप मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. छाती भरून आली. आणि अंकलचा नियम मी विसरलो नव्हतो. दुसरं नाक हवं म्हणून पाईप घरी नेला, भारतीमावशीपुढे धरला.

तिनं जोरात हुंगला. “काय नाय र पोरा. वास कसलाच नाय.”

नियमाप्रमाणे सगळं झालं.

ग्रुप जमला त्या संध्याकाळी देवस्थळी साहेबांनी मलाही बोलावलं. पाईप पोचवायला आणि, मला वाटतं, दाखवायला. बंगल्याच्या व्हरांड्यात सात-आठ जण वेताच्या खुर्च्यांवर. मी कठड्याजवळ उभा. साहेबांनी साधा तंबाखू भरला, काडी ओढली.

लाकूड तापेपर्यंत काही झालं नाही. तिसऱ्या झुरक्याला धूर माझ्यापर्यंत आला आणि मी मालवणच्या पुढं पोचलो. चूल, चुलीच्या निखाऱ्यावर खारा बांगडा, आई फुंकणीनं फुंकतेय, बाहेर भात वाफाळतोय. क्षणभर मला भूकच लागली. मग ध्यानात आलं. वाट लागली होती. थंड असताना माझ्या नाकाला जे कळलं नव्हतं, ते आगीनं सांगितलं.

बागेतून एक मांजर आलं आणि साहेबांच्या पायाशी, वर तोंड करून, श्रद्धेनं बसलं.

साहेबांनी डोळे मिटले. “समुद्र,” ते म्हणाले.

कुणीतरी “वा” म्हटलं.

“खारट वारा. ओहोटीनंतरची वाळू. आणि मागे कुठेतरी... जुनं जहाज.”

“जहाजाचं लाकूड,” दुसऱ्यानं दुरुस्ती केली.

“डांबर लावलेलं,” तिसरा.

तेवढ्यात आतून ट्रे घेऊन शेवंताबाई आल्या. त्या घरच्या स्वयंपाकीण, मूळच्या गुहागरकडच्या. साहेबांच्या घरात अंडंही चढत नाही, आणि बाई बारा वर्षं तिथं मटकी शिजवत होत्या. ट्रे हातात तसाच, नाक वर. “साहेब, खारा बांगडा कोण भाजतंय?”

“बाई,” साहेब डोळे न उघडता म्हणाले, “तुम्ही आत जा.”

बाई गेल्या, पण जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोकणातल्या माणसाला कोकणातला माणूस चोरी करताना बरोबर ओळखतो.

साहेबांनी मला जवळ बोलावलं. “दिगंबर, काय केलंस तू?”

सांगायची हीच वेळ होती. मला दिसली ती फक्त खिडकी, आणि तिच्यात बसलेला कुणी दुसरा. “अंकलची जुनी पद्धत आहे, साहेब,” मी म्हटलं.

“माझे उरलेले सहा घेऊन जा. सगळे असेच करून आण.”

दुसऱ्या दिवसापर्यंत ग्रुपमधल्या तिघांनी फोन केला. त्यांनाही समुद्र हवा होता.

सहा पाईप टेबलावर मांडून मी चार दिवस त्यांच्याकडे बघत बसलो. सगळे चांगले, निरोगी पाईप. भारतीमावशीचा डबा बाजूला. आणि अंकल आले. डोळ्यावर काळा चष्मा, दोन आठवडे जावयाच्या घरचं वरण खाऊन सुकलेले. जिना चढता चढताच थांबले.

“बांगडा कुणी आणला वर?”

डब्याचं झाकण उघडं होतं. मी सगळं सांगितलं. चष्म्यामागे काय चाललंय ते कळत नव्हतं.

“तुला बोललो होतो ना मी, दुसऱ्याचं नाक घे म्हणून?”

“घेतलं, अंकल.”

“कुणाचं?”

“भारतीमावशीचं.”

अंकल खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांचं पोट हलत होतं, मग आवाज बाहेर आला. “कोळणीला विचारतो, मासे वास मारतात काय! अरे देवा. मेडल दे रे याला कुणीतरी.” हसून झालं. मग चष्मा काढला. एक डोळा लाल होता. “आणि साहेबाला काय बोललास?”

“अंकलची जुनी पद्धत.”

“माझी?”

मी डब्याचं झाकण लावलं.

“मीठ चुकलं ते चालतं. मी एकदा बिशपच्या पाईपात रॉकेल ओतलंय. पण तू त्याच्यावर माझं नाव चिकटवलंस.” त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. “हे सहा पाईप घे. जा जुहूला. सांगून ये. मग बघू.”

सहा पाईप पिशवीत घालून मी गेलो. वाटेत तीनदा पाठ केलं. साहेब व्हरांड्यात, तोंडात तोच पाईप, मांजर जागेवर.

“साहेब, तो समुद्र नाही. तो बांगडा आहे. मासळीचं वापरलेलं मीठ होतं. चूक माझी, अंकलना माहीत नव्हतं. हा पाईप द्या, मी फुकट साफ करून देतो.”

साहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “दिगंबर, बस. तुला जे कळतं तेच तुला दिसणार. चव ओळखायला तालीम लागते. ती शाळेत शिकवत नाहीत. आणि शाळेत तरी तू कुठे गेलास?”

“सातवीपर्यंत गेलो, साहेब. पण बांगडा तिथं रोज डब्यात असायचा. तुम्ही कधी खाल्लाय?”

आतून स्वयंपाकघरात काहीतरी खळ्ळकन पडलं. शेवंताबाईंच्या हातून पडलं असावं. त्या हसत होत्या.

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांना पटलं होतं, मला शपथेवर वाटतं की त्या क्षणी त्यांना पटलं होतं. पण ग्रुपमध्ये समुद्रावर त्यांनी दोन पानांचा मजकूर टाकला होता. “हे सहा करून देणार की नाही?”

“चांगले पाईप मी मुद्दाम नाही नासवणार, साहेब.”

“मग पिंटोला सांग, या घरातून आणि या ग्रुपमधून आता पाईप येणार नाही.”

परतीच्या रिक्षात मी मनातल्या मनात माझी पेटी बांधली. खेळणी कातायला सावंतवाडी परत घेईल का, याचा विचार केला.

माळ्यावर अंकल पाव चहात बुडवत होते. “सांगितलंस?”

“हो.”

“गेला?”

“गेला.”

“सहा?”

“सहाही.”

“ग्रुप?”

“ग्रुपपण, अंकल.”

पाव बुडून चहात पडला. त्यांनी तो चमच्यानं काढला, खाल्ला. “बरं झालं. त्याचा आवाज ऐकून माझं दूध नासायचं.” मग खिडकीजवळच्या खणातून काजळी खरवडायच्या स्वतःच्या चार सुऱ्या काढल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्या बाजूला सरकवल्या. “सोमवारपासून तू इकडे बस. मी दाराजवळ. तिकडे वारा येतो.” वर म्हणाले, “आणि मीठ बंद. कापूस घाल. लाकूडपण तडकत नाही.”

तेव्हापासून मी खिडकीत आहे. कापूस आणि स्पिरिट. उशीर लागतो, पण तडा नाही आणि मासाही नाही. दुसरं नाक म्हणून खालच्या वॉचमनला हाक मारतो. तो बिहारमधल्या सिवानचा, मासळीच्या नावानं थुंकतो. ग्रुपमधले बरेच जण एकेकटे, गुपचूप परत आले. देवस्थळी साहेब आले नाहीत. ऐकतो की त्यांचा समुद्र अजून चालू आहे आणि मांजरं आता तीन झालीत.

काही गोष्टींचं वाईट वाटतं. डॉक्टर ज्या माणसाला सोड म्हणतात, त्याचाच पाईप मी लख्ख करून हातात देतो. दोघांनीही आपापलं काम केलं असं म्हणायचं आणि पुढचा घ्यायचा. अंकल गेल्या वर्षी गेले. त्यांनी दाराजवळच्या जागेवर तीन वर्षं बसून माझी चेष्टा केली, त्याबद्दल मी रोज मनातल्या मनात त्यांना हात जोडतो. खिडकीत चार वर्षं बसून माझं नाक तयार झालं. आता जिन्यावर असतानाच सांगतो, कुणाच्या पिशवीत काय आहे.

या मे महिन्यात गावी गेलो. दोन वर्षांनी. बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आत पाऊल टाकलं आणि वास आला. अंगणभर सुकत घातलेले बांगडे, चटईवरची सुंगटं म्हणजे कोलंबी, भिंतीला, मातीला, दारातल्या गोणपाटाला मुरलेला, माझ्या जन्माआधीपासूनचा वास. अठ्ठावीस वर्षं ज्या घरात राहून तो मला एकदाही आला नव्हता. माझा हात आपोआप नाकाशी गेला. लगेच खाली घेतला, पण आई पडवीत बसली होती, आणि तिनं बघितलं.

“वास येता?”

“नाय गो,” मी म्हटलं. साहेबांच्या व्हरांड्यानंतरचं माझं दुसरं खोटं.

आईनं सुपातला बांगडा उलटा केला. माझ्याकडे बघितलं नाही. “शाळा सोडलंस तेव्हा मी रडलंय,” ती म्हणाली. “तू शिकलंस नाय, पण तुजां नाक शिकलां.”